ग्रीक-रोमन नाणी: संग्रहाइतकीच महत्त्वाची असते ती नोंद

१९०० साली फ्रान्सच्या पश्चिमेला, नान्त शहराच्या परिसरात रोमन नाण्यांचा एक साठा सापडला. त्यातल्या एका नाण्यावर किरणांचा मुकुट घातलेला दाढीवाला चेहरा होता आणि भोवतीच्या अक्षरांत नाव होतं डोमिशियानस. पहिल्या शतकातल्या प्रसिद्ध डोमिशियन सम्राटाचं हे नाणं असणं शक्य नव्हतं, कारण त्याची घडण सरळसरळ तिसऱ्या शतकातली होती. आणि तिसऱ्या शतकात या नावाचा सम्राट होऊन गेल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं. एक-दोन जुन्या ग्रंथांत या नावाच्या माणसाचा ओझरता उल्लेख तेवढा होता. तज्ज्ञांनी बराच खल केला आणि बहुतेकांनी नाणं बनावट ठरवलं. कुणीतरी दुसऱ्याच सम्राटाच्या नाण्यावरची अक्षरं बदलली असणार, असं त्यांचं म्हणणं. नाणं संग्रहालयात पडून राहिलं.

पुढे २००३ साली इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डशरमधल्या चाल्ग्रोव्ह गावाजवळ, मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या एका हौशी माणसाला नाण्यांनी भरलेलं मडकं सापडलं. सुमारे पाच हजार नाणी, गंजून एकमेकांना चिकटलेली. ब्रिटिश म्युझियममध्ये ती सुटी करून एकेक वाचली गेली, तेव्हा त्यांत तोच दाढीवाला चेहरा आणि तेच नाव निघालं. फ्रान्समधल्या जुन्या नाण्याशी ते ताडून पाहिलं तर दोन्ही नाणी एकाच ठशांच्या जोडीतून पाडलेली होती. सोळा-सतरा शतकं जमिनीत राहिलेल्या गठ्ठ्यातून निघालेलं नाणं खोटं असण्याची शक्यताच नव्हती, म्हणजे १९००चं नाणंही खरं ठरलं. इसवी सन २७१च्या सुमाराला, रोमपासून फुटून निघालेल्या गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या परिसरातल्या साम्राज्यात, अगदी थोडा काळ डोमिशियानस नावाचा सम्राट होता, हे आता इतिहासाच्या पुस्तकांत आहे. त्याचा पुरावा म्हणजे ही दोन नाणी.

ग्रीक-रोमन नाण्यांच्या छंदाबद्दल बोलताना मी नेहमी या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण या छंदाचं मर्म तिच्यात आहे. १९०० साली सापडलेल्या नाण्याचं वर्णन कुणी छापलंच नसतं, ते कुणाच्या तरी कपाटात गुपचूप राहिलं असतं, तर १०३ वर्षांनी मिळालेल्या नाण्याला ताडून पाहायला काहीच नव्हतं. तेही बनावट म्हणून बाजूला पडलं असतं. नाणं जवळ असणं आनंदाचं खरं, पण त्याचा फोटो, वजन, सापडण्याची जागा आणि हातोहात झालेला प्रवास इतरांना कळला तरच त्याला अर्थ येतो.

हातानं कोरलेले ठसे

हे जुळवणं शक्य झालं ते नाणी पाडण्याच्या जुन्या रीतीमुळे. आजच्या टांकसाळीत एका मूळ ठशावरून हुबेहूब प्रती निघतात आणि लाखो नाणी एकसारखी पडतात. ग्रीक आणि रोमन काळात प्रत्येक ठसा कारागीर हातानं, उलटा कोरायचा. एक ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला, दुसरा हातातल्या पहारीसारख्या लोखंडी तुकड्याच्या टोकाला. मध्ये तापवलेली धातूची चकती ठेवायची आणि वरून हातोडा हाणायचा. खालच्या ठशाची आकृती दर्शनी बाजूला उमटायची, वरच्याची मागच्या बाजूला. चकतीला कडेनं अडवणारं कडं नसे, म्हणून जुनी नाणी क्वचितच नीट गोल असतात आणि चित्र बऱ्याचदा एका बाजूला सरकलेलं असतं.

हातानं कोरलेले दोन ठसे कधीच तंतोतंत सारखे नसतात. एखादं अक्षर किंचित तिरकं, नाकाचा बाक वेगळा, मुकुटाची एक किरण जास्त लांब. त्यामुळे दोन नाणी एकाच ठशातून निघाली आहेत का, हे नीट फोटो असले की खात्रीनं सांगता येतं. इथून अभ्यास रंगत जातो. वरच्या ठशाला हातोड्याचा मार थेट बसायचा, म्हणून तो आधी झिजायचा किंवा तडकायचा आणि बदलावा लागायचा. समजा पहिल्या आणि दुसऱ्या नाण्याची दर्शनी बाजू एकाच ठशाची आहे, आणि दुसऱ्या व तिसऱ्या नाण्याची मागची बाजू एकाच ठशाची. मग ही तिन्ही एकाच साखळीत येतात. ठशाला गेलेला तडा एका नाण्यावर बारीक आणि दुसऱ्यावर मोठा दिसला, की कुठलं आधी पडलं तेही कळतं. अशा साखळ्या जोडत अभ्यासक एखाद्या टांकसाळीचा वर्षानुवर्षांचा कारभार उभा करतात, किती ठसे वापरले गेले याचा अंदाज बांधतात, आणि त्यावरून त्या राज्यानं किती पैसा पाडला असेल याचाही.

यासाठी दुर्मीळच नाणी लागतात असं नाही. साधं, झिजलेलं, बाजारात फारशी किंमत नसलेलं नाणंही साखळीतली नेमकी हरवलेली कडी असू शकतं. ज्याच्या संग्रहात अशी पाच नाणी आहेत आणि त्यांचे चांगले फोटो इतरांना पाहायला मिळतात, तो संग्राहक माझ्या लेखी तिजोरीत सोनं बंद करून ठेवणाऱ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

घुबड, पंखांचा घोडा आणि अलेक्झांडर

नाण्यांची सुरुवात आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातल्या लिडिया राज्यात झाली. इसवी सनपूर्व सातव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे सोनं-चांदीच्या नैसर्गिक मिश्रधातूचे छोटे शिक्केबंद तुकडे पाडले जाऊ लागले. लिडियाच्या क्रीसस राजानं सहाव्या शतकात सोन्याची आणि चांदीची वेगवेगळी नाणी काढली. तिथून ही कल्पना ग्रीक नगरराज्यांनी उचलली आणि प्रत्येक शहरानं आपली ओळख नाण्यावर आणली. एजायनाच्या नाण्यावर कासव, कॉरिंथच्या नाण्यावर पेगासस हा पंखांचा घोडा, अथेन्सच्या नाण्यावर एका बाजूला अथीना देवी आणि दुसऱ्या बाजूला तिचं घुबड.

अथेन्सचं हे घुबडाचं नाणं नवख्या संग्राहकानं सर्वांत आधी समजून घ्यावं असं मला वाटतं. ते चार ड्राख्मांचं (ड्राख्मा हे ग्रीकांचं चलन), वजन सुमारे १७.२ ग्रॅम. घुबडाशेजारी ऑलिव्हची डहाळी, बारीक चंद्रकोर आणि शहराच्या नावाची तीन ग्रीक अक्षरं: आल्फा, थीटा, एप्सिलॉन. चांदी जवळच्याच लॉरिअनच्या खाणींतली. इसवी सनपूर्व ४८३च्या सुमाराला तिथे चांदीची मोठी शीर लागली. ती नागरिकांत वाटून टाकण्याऐवजी लढाऊ जहाजं बांधू या, असं थेमिस्टोक्लीस या नेत्यानं अथेन्सच्या लोकांना पटवलं. याच जहाजांनी ४८० साली सॅलमिसच्या खाडीत इराणी आरमाराचा पराभव केला. त्याच शतकाच्या शेवटी अथेन्सच्या किल्ल्यावरच्या एरेक्थिऑन मंदिराच्या बांधकामाचा हिशेब दगडावर कोरून ठेवलेला आहे, त्यात कारागिराची दिवसाची मजुरी एक ड्राख्मा दिसते. म्हणजे हे एक नाणं म्हणजे कुशल माणसाची चार दिवसांची कमाई. असं काही कळलं की हातातल्या चांदीच्या तुकड्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं.

सिसिलीतल्या सिराक्यूजचे ठसे कोरणारे इतके नावाजलेले होते, की किमोन आणि एवाइनेतोस यांनी नाण्यावर आपली नावंही बारीक अक्षरांत कोरली. पुढे अलेक्झांडरनं सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लीस आणि सिंहासनावरचा झ्यूस अशी चांदीची नाणी प्रचंड प्रमाणावर काढली. तो ३२३ साली वारला, तरी त्याच्या नावाची नाणी कितीतरी शहरांनी पुढची दोनेकशे वर्षं पाडली. म्हणूनच ‘अलेक्झांडरचं नाणं’ मिळालं तर ते त्याच्या हयातीतलं असेलच असं मानू नये.

रोमन नाणं वाचायचं कसं

ग्रीक नाण्यावर मजकूर कमी असतो, चित्र बोलतं. रोमन नाणी मात्र अक्षरांनी खचाखच भरलेली असतात, आणि ती वाचायला लॅटिन येण्याची गरज नाही. दहा-पंधरा संक्षेप ओळखता आले की बरंचसं काम होतं.

ट्राजन सम्राटाचं एक डिनॅरिअस, म्हणजे रोमनांचं नेहमीचं चांदीचं नाणं घेऊ. आकारानं साधारण १८-१९ मिलिमीटर, वजन सव्वातीन ग्रॅमच्या आसपास. दर्शनी बाजूला लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेला चेहरा आणि भोवती अक्षरांची रांग, शब्दांमध्ये फार अंतर न ठेवता कोरलेली. ती अशी फोडायची: ‘इम्प’ म्हणजे इम्पेरातोर, सेनापती-सम्राट. मग नाव, ‘त्रायानो’. ‘आउग’ म्हणजे ऑगस्टस, सम्राटाची पदवी. ‘गेर’ आणि ‘दाक’ म्हणजे जर्मनांचा आणि डेशियनांचा विजेता. ‘पी एम’ म्हणजे पोंतिफेक्स माक्सिमुस, प्रमुख धर्माधिकारी. ‘टी आर पी’ म्हणजे लोकप्रतिनिधीचे अधिकार असलेला. मागच्या बाजूला ‘कॉस’ आणि पुढे पाचाचा रोमन आकडा, म्हणजे पाचव्यांदा कॉन्सल, रोमचा सर्वोच्च वार्षिक अधिकारी, झालेला. ‘पी पी’ म्हणजे राष्ट्रपिता. शेवटी ‘एस पी क्यू आर ओप्तिमो प्रिंक’: रोमच्या सिनेटनं आणि जनतेनं सर्वोत्तम राज्यकर्त्याला अर्पण केलेलं. काही नाण्यांवर मध्ये ढालीवर बसून शोक करणारी डेशिया, म्हणजे आजच्या रुमानियाचा प्रदेश स्त्रीरूपात.

आता काळ काढू. डेशियाचा विजेता ही पदवी ट्राजनला १०२ साली मिळाली. पाचवं कॉन्सलपद १०३चं, सहावं ११२चं. म्हणजे हे नाणं १०३ ते १११ या काळातलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तूचा काळ आठ-नऊ वर्षांच्या टप्प्यात आणणं घरबसल्या, एक भिंग आणि एक तक्ता घेऊन जमतं. लोकप्रतिनिधीचे अधिकार दरवर्षी नव्यानं मिळत. काही सम्राटांच्या नाण्यांवर त्याचा आकडाही कोरलेला असतो, तेव्हा तर नेमकं वर्षच सापडतं. जुन्या लॅटिनमध्ये ‘यू’ हे अक्षर ‘व्ही’सारखं कोरत, एवढं लक्षात ठेवलं की निम्म्या अडचणी सुटतात.

साम्राज्याच्या पूर्वेकडच्या शहरांची तांब्या-पितळेची नाणी हा वेगळाच प्रांत आहे. चेहरा रोमन सम्राटाचा, पण अक्षरं ग्रीक आणि देव गावचे. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या नाण्यांवर तर राज्यारोहणापासूनचं वर्ष ग्रीक अक्षरांत दिलेलं असतं. नव्या माणसानं दुर्लक्षित, स्वस्त आणि शिकण्यासारखं काही शोधायचं तर इथे शोधावं.

कस उतरला आणि भारतानं तो ओळखला

रोमनांचं चांदीचं डिनॅरिअस इसवी सनपूर्व २११च्या सुमाराला, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असताना सुरू झालं. ऑगस्टसच्या काळात ते जवळजवळ शुद्ध चांदीचं होतं. इसवी सन ६४मध्ये नीरोनं त्याचं वजन कमी केलं आणि चांदीत भरत वाढवली. पुढचे सम्राटही सैन्याचा पगार भागवण्यासाठी तेच करत गेले. २१५ साली कराकालानं किरणांच्या मुकुटाचं नवं, मोठ्या दर्शनी किमतीचं नाणं काढलं. २७०च्या सुमाराला त्या नाण्यातली चांदी पाच टक्क्यांच्याही खाली आली होती. तांब्याच्या तुकड्यावर चांदीचा हात फिरवलेला, तोही लगेच उडणारा. आज सर्वांत स्वस्तात मिळणारी रोमन नाणी याच काळातली आणि नंतरच्या चौथ्या शतकातली असतात, कारण ती बेसुमार पाडली गेली आणि लोकांनी मडकीच्या मडकी पुरून ठेवली.

ही घसरण भारतातल्या साठ्यांतही दिसते. दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत ऑगस्टस आणि टायबेरिअस यांची, म्हणजे नीरोच्या आधीची नाणी फार मोठ्या संख्येनं आहेत. आपल्याकडचे व्यापारी नाणं चांदी म्हणून घेत होते आणि त्यांना कस कळत होता, हा त्याचा सरळ अर्थ. प्लिनी या रोमन लेखकानं पहिल्या शतकात तक्रार केली आहे, की भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स (रोमनांचं छोटं नाणं) ओढून घेतो. तमिळनाडूत पुदुक्कोट्टईला १८९८ साली पाचशेच्या आसपास रोमन सोन्याची नाणी मिळाली. त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव घातलेला आहे, ती पुन्हा नाणं म्हणून चालू नयेत म्हणून.

महाराष्ट्राचा या कथेतला वाटा मला फार मोलाचा वाटतो. ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या सागरी वाटाड्यात कल्याण, सोपारा, चौल, पैठण आणि तगर म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, ही सगळी नावं येतात. भडोचच्या बाजारात ग्रीक अक्षरांची, अपोलोडोटस आणि मिनँडर या इंडो-ग्रीक राजांची जुनी नाणी अजून चालतात, हेही त्यात नोंदवलेलं आहे. तेरच्या उत्खननांत रोमन नाण्यांवरून छाप घेऊन केलेली मातीची पदकं मिळाली आहेत, गळ्यात अडकवता येतील अशी. रोमन नाणं इथे दागिना म्हणूनही मिरवलं जात होतं.

त्याहून मोठी गोष्ट नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीची. १९०६ साली तिथे क्षहरात क्षत्रप नहपान याच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाण्यांचा आकार आणि घडण इंडो-ग्रीक ड्राख्मांच्या परंपरेतली. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली चिन्हं पुन्हा ठोकली आहेत. नाशिकच्या लेण्यांत त्याच्या आईनं, गौतमी बलश्रीनं कोरवलेल्या लेखात क्षहरातांचं कुळ त्यानं निखालस नष्ट केल्याचं म्हटलं आहे. जोगलटेंभीच्या साठ्यानं ते वाक्य धातूत सिद्ध केलं. रेव्हरंड स्कॉट यांनी हा साठा तपासून मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याची माहिती छापली, म्हणून तो आज आपल्याला वापरता येतो. तीच नाणी दोन-दोन, चार-चार करून सराफाकडे वितळली असती तर उरली असती फक्त चांदी.

मडकं पूर्ण का हवं

साठा एकत्र राहणं किती महत्त्वाचं आहे, याचं सुंदर उदाहरण इंग्लंडमधलं फ्रोम. एप्रिल २०१०मध्ये सॉमरसेट परगण्यात एका डिटेक्टरवाल्याला मडक्याचा काठ लागला. नाणी आहेत हे कळताच त्यानं खणणं थांबवलं आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. त्यांनी मडकं आतून थर-थर करत रिकामं केलं. ५२,५०३ नाणी निघाली, वजन सुमारे १६० किलो. सर्वांत उशिराची, कॅराऊसिअस या बंडखोर सम्राटाची नाणी वरच्या थरात असतील असं कुणालाही वाटेल. पण त्यांतली बहुतेक मडक्याच्या मध्याच्याही खाली होती. म्हणजे हे वर्षानुवर्षं थोडं थोडं साठवलेलं धन नव्हतं, सगळं एका वेळी ओतलेलं होतं. घाईघाईनं उकरलं असतं तर एवढी मोठी गोष्ट कायमची गेली असती. इंग्लंडच्या १९९६च्या कायद्यानुसार असा साठा कळवावा लागतो आणि शोधणाऱ्याला व जमीनमालकाला मोबदला मिळतो. या साठ्यासाठी सॉमरसेटच्या संग्रहालयानं तीन लाख वीस हजार पौंडांहून अधिक रक्कम मोजली.

याच्या अगदी उलट घडलं तुर्कस्तानात एल्माली गावाजवळ. १९८४ साली तिथे सुमारे १,९०० चांदीची नाणी निघाली, त्यांत अथेन्सची अतिदुर्मीळ दहा ड्राख्मांची डझनभराहून जास्त. ती चोरून देशाबाहेर गेली आणि बहुतांश अमेरिकेत एका धनाढ्य संग्राहकानं विकत घेतली. तुर्कस्ताननं दावा लावला आणि १९९९ साली सोळाशेहून अधिक नाणी परत मिळवली. नाणी आली. ती जमिनीत कशी ठेवलेली होती, शेजारी काय होतं, हे मात्र परत आलं नाही.

आणखी एक उदाहरण ताजं आहे. ज्युलियस सीझरच्या खुनानंतर त्याच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसनं इसवी सनपूर्व ४२मध्ये एक नाणं पाडलं. एका बाजूला त्याचा स्वतःचा चेहरा. दुसऱ्या बाजूला दोन खंजीर, मध्ये मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आणि खाली खुनाची तारीख. चांदीत ती काही डझन माहीत आहेत, सोन्यात अवघी तीन. त्यांतलं एक सोन्याचं नाणं २०२०च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या लिलावात खर्चासह सुमारे ३२ लाख पौंडांना गेलं. त्याच्या आधीच्या मालकीचे कागद बनावट असल्याचं तपासात पुढे आलं, न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनी ते जप्त केलं आणि मार्च २०२३मध्ये ग्रीसला परत केलं. मालकीचा खरा इतिहास नसेल तर जगातल्या सर्वांत मौल्यवान नाण्यांपैकी एक असलेलं नाणंही हातात टिकत नाही, हे संग्राहकांनी नीट ध्यानात घ्यावं.

म्हणून खरेदी करताना पहिला प्रश्न ‘किती?’ हा नसावा, ‘कुठून?’ हा असावा. सांस्कृतिक वस्तूंची चोरटी ने-आण रोखणारा युनेस्कोचा करार १९७०चा. त्याआधीच्या संग्रहात किंवा छापील लिलावसूचीत नाणं असल्याचा पुरावा असेल तर उत्तम. तुर्कस्तान किंवा इटलीत फिरायला गेल्यावर भग्नावशेषांपाशी कुणी खिशातून जुनं नाणं काढून दाखवलं तर घेऊ नये. खोटं असेल तर पैसे जातील, खरं असेल तर विमानतळावर गुन्हा दाखल होईल. भारतात १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. शेतात गुप्तधन सापडलं, तर १८७८चा कायदा अजून लागू आहे: दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. परदेशातून नाणं मागवायचं असेल तर कस्टमचे नियम आधी विचारून घ्यावेत.

खोटी नाणी आणि चारचौघांचे डोळे

खोटी नाणी प्राचीन काळापासूनची. त्या काळातच तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवून नाणी पाडली जात. अशी प्राचीन खोटी नाणीही आज अभ्यासक आवडीनं जमवतात. चांदीच्या नाण्यावर छिन्नीची खूण दिसली तर ती बहुधा तेव्हाच्या सराफानं आत तांबं आहे का हे पाहिल्याची असते.

आधुनिक खोटं वेगळं. जर्मनीतल्या कार्ल विल्हेल्म बेकर यानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतके सुरेख ठसे कोरले, की आज ते ठसे संग्रहालयात जपलेले आहेत. नवी नाणी जुनी दिसावीत म्हणून तो ती लोखंडाच्या किसासोबत डब्यात घालून घोडागाडीच्या खाली बांधून फिरवायचा, असं सांगतात. आजची बरीच खोटी नाणी खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ओतलेली असतात. त्यांच्या कडेला जोडाची रेष दिसू शकते, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात, अक्षरांच्या कडा मऊ वाटतात आणि वजन बऱ्याचदा चुकतं.

तरी सर्वांत खात्रीची परीक्षा अनेकांच्या नोंदींतून होते. खरी दोन नाणी एका ठशाची असली तरी चकतीचा आकार, सरकलेलं चित्र, कडेची भेग आणि ओरखडे वेगळे असणारच, कारण प्रत्येक घाव वेगळा. दोन नाण्यांचे ओरखडेही सारखे निघाले, तर निदान एक तरी खोटं आहे. पण ही तुलना करायला दुसऱ्या नाण्याचा फोटो कुठेतरी असायला हवा. फसलेल्या माणसानं लाजेनं नाणं लपवलं की त्याच साच्यातलं पुढचं नाणं पुढच्या माणसाच्या गळ्यात पडतं. मला वाटतं, खोट्या नाण्याचा फोटो उघडपणे दाखवणं हीदेखील या छंदातली मोठी सेवा आहे.

नोंद कशी ठेवायची

फोटोसाठी महागडा कॅमेरा लागत नाही. खिडकीजवळचा तिरका उजेड, साधी एकरंगी पार्श्वभूमी, नाण्याच्या बरोबर वर धरलेला फोन, दोन्ही बाजूंचा एकेक फोटो आणि जमल्यास कडेचाही. फोटोतले रंग भडक करू नयेत. वजन शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर घ्यावं. व्यास मिलिमीटरमध्ये, सर्वांत रुंद ठिकाणी. मग ठशांची दिशा: दर्शनी चेहरा सरळ धरून नाणं उभ्या अक्षाभोवती फिरवायचं आणि मागच्या चित्राचं डोकं घड्याळाच्या किती वाजण्याच्या दिशेला येतं ते लिहायचं. हा छोटा आकडा बहुतेक नवखे संग्राहक गाळतात, पण काही टांकसाळींत ही दिशा ठरावीक असायची, त्यामुळे तो फार उपयोगी पडतो.

पुढे प्रकाराचा क्रमांक. रोमन साम्राज्याच्या नाण्यांना ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या खंडांतले क्रमांक देण्याची रीत आहे. त्यांचा पहिला खंड १९२३मध्ये निघाला. हे खंड महाग आहेत, पण त्याच क्रमांकांवर उभारलेला ‘ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर’ हा अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा कोश इंटरनेटवर फुकट आहे. त्यात सम्राट, टांकसाळ, अक्षरं घालून शोधता येतं आणि जगभरच्या संग्रहालयांतली त्याच प्रकारची नाणी शेजारी उघडतात. पूर्वेकडच्या शहरांच्या नाण्यांसाठी ऑक्सफर्डचा ‘रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज’ तसाच आहे, आणि तिथे नव्या नमुन्यांची भर सतत पडत असते. एकही नाणं विकत न घेता वर्षभर या कोशांत रमता येतं, आणि मी तर प्रत्येकाला आधी तेच करायला सांगतो.

नाणी घासून चकचकीत करू नयेत. तांब्यावरचा हिरवा-तपकिरी थर शतकांत तयार झालेला असतो. तो काढला की तपशील जातो आणि किंमतही. मात्र फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी पुटकुळी दिसली तर तो धातूचा रोग आहे, क्लोराइड आणि ओलावा यांच्यामुळे होणारा. असं नाणं लगेच वेगळं ठेवावं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत हा धोका जास्त, म्हणून डब्यात सिलिका जेल असावं. मऊ पीव्हीसीची स्वस्त पाकिटं टाळावीत, कारण त्यांतून सुटणारा चिकट हिरवा थर चांदीलाही सोडत नाही.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं नाण्यांचं दालन आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे, तेरला रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आहे. रोमन नाण्यांसाठी चेन्नईचं सरकारी संग्रहालय चुकवू नये.

शेवटी जुन्या चिठ्ठ्यांबद्दल. नाण्यासोबत आलेलं विक्रेत्याचं पाकीट, आधीच्या मालकाच्या हस्ताक्षरातला कागद, लिलावाची पावती, छापील सूचीतलं पान, हे सगळं नाण्याइतकंच जपावं आणि नाणं विकलं तर सोबत द्यावं. प्रत्येक नाण्याला एक क्रमांक देऊन वहीत किंवा संगणकात नोंद ठेवावी, नोंदीची प्रत दुसरीकडेही असावी. आणि घरातल्या एका तरी माणसाला ती वही कुठे आहे, कोणतं पाकीट कोणत्या नाण्याचं आहे आणि पुढे कुणाला विचारायचं, हे आजच सांगून ठेवावं. संग्राहक गेल्यानंतर डबा जसाच्या तसा विकला जातो आणि पाकिटं कचऱ्यात जातात, असं फार वेळा होतं.